‘आय विल ऑलवेज लव्ह यू’: व्हिटनीने गाणं मोठं केलं की मूळ भाव घालवला?

निशिगंध_७
अमेरिकन गायिका डॉली पार्टनने १९७३ साली हे गाणं लिहिलं ते प्रियकरासाठी नव्हे. पोर्टर वॅगनर या कंट्री (अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या) गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात ती १९६७ पासून गात होती. तिला बाहेर पडून स्वतःची वाट धरायची होती, आणि तो काही केल्या सोडेना. वाद घालून उपयोग होईना तेव्हा तिने गाणं लिहून त्याला ऐकवलं. म्हणून मूळ गाण्यात तक्रारीचा सूर नाही. शेवटचं कडवं तर ती गातच नाही, हलक्या आवाजात बोलते: तुझं भलं होवो, तुला सुख मिळो. माणूस निरोप असाच घेतो.
गायिका व्हिटनी ह्यूस्टनने ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी केलेल्या १९९२च्या रेकॉर्डिंगमध्ये मला हा निरोप ऐकूच येत नाही. ड्रमचा ठोका पडतो, पट्टी चढते आणि पुढे नुसती आवाजाची ताकद. कव्हर करताना, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाताना, चाल राखली, पण भाव राखला नाही, असं माझं ठाम मत आहे.

कोमल_रिषभ
साफ नामंजूर. सुरुवात पुन्हा ऐका. एकही वाद्य नाही, फक्त तिचा आवाज आणि मधल्या श्वासाच्या जागा. ‘द बॉडीगार्ड’चा नायक केव्हिन कॉस्टनर याने ती तशीच ठेवण्याचा आग्रह धरला होता. इतका उघडा आवाज डॉलीच्या रेकॉर्डमध्येही नाही, तिथे पहिल्यापासून गिटार सोबतीला आहे.
आणि तो ठोका कुठे पडतो? शुभेच्छांचं कडवं संपल्यावर, क्षणभर शांतता झाल्यावर. डॉलीने जे आतल्या आत गिळलं ते व्हिटनीने त्या क्षणी मोकळं केलं. दोघींचं दुःख एकच आहे हो, स्वभाव वेगळे.

निशिगंध_७
सुरुवातीबद्दल वाद नाही, ती अप्रतिमच आहे. पण ‘मोकळं केलं’ म्हणता तिथेच तर माझी हरकत आहे! ज्याला सोडून जायचं त्याच्यासमोर हंबरडा फोडला तर तो जाऊ देईल का? गिळणं हाच त्या गाण्याचा प्राण आहे.

जुनी_तबकडी
तुम्ही दोघंही गायिका लिंडा रॉनस्टॅटला वगळताय. तिने १९७५ मध्ये हे गाणं केलं, तेव्हा शेवटचं कडवं गाळलं होतं. व्हिटनीचा निर्माता डेव्हिड फॉस्टर तेच रेकॉर्ड समोर ठेवून काम करत होता. तो डॉलीशी फोनवर बोलला तेव्हा तिने सांगितलं की अजून एक कडवं आहे. म्हणजे निशिगंध, तुम्हाला ज्या कडव्याचा एवढा जिव्हाळा आहे, ते व्हिटनीच्या गाण्यात खुद्द डॉलीमुळे परत आलं. भाव घालवायचा असता तर एवढी खटपट कुणी केली असती?

निशिगंध_७
कडवं परत आलं, पण बोललेलं नाही, गायलेलं. आणि त्याच्या आधी सॅक्सोफोन. सगळा फरक तिथेच पडतो.

पंचम_प्रेमी
एल्व्हिस प्रेस्लीलाही हे गाणं हवं होतं. त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर याने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. डॉलीने नकार दिला. त्या रात्री ती खूप रडली, असं तिनेच सांगितलं आहे. पुढे व्हिटनीचं रेकॉर्ड बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या) यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्याचं मानधन लेखिकेलाच मिळालं. मला तरी या गाण्याच्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

कोमल_रिषभ
अगदी खरं. आणि व्हिटनीचं रेकॉर्ड डॉलीने पहिल्यांदा ऐकलं ते गाडी चालवताना, रेडिओवर. इतकी भारावली की गाडी बाजूला घ्यावी लागली. जिने लिहिलं तिला त्यात आपलं गाणं ओळखू आलं, मग आपण परकं का म्हणायचं?

निशिगंध_७
डॉलीचं मन मोठं आहे, ते तिच्या त्या कडव्यातही दिसतं. तरी श्रोता म्हणून माझा कौल डॉलीच्या १९७४च्या रेकॉर्डलाच. शेवटचं कडवं दोन्हीकडचं लागोपाठ ऐका आणि सांगा, कुठल्या आवाजाला ‘जा’ म्हणून उत्तर द्यावंसं वाटतं?