सरकारी दवाखान्यात गर्भपात फुकट, मग निरोध वापरतंय कोण?

रोखठोक_नाशिककर: सरकारी दवाखान्यात गर्भपात मोफत, आणि गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीपासून लग्न न झालेलीलाही 'साधन फेल गेलं' हे कारण चालतं. बायकांच्या हक्काला माझा विरोध नाही, पण मागे फुकटची सोय आहे म्हटल्यावर पुरुष निरोधला हात तरी लावेल का? अमेरिकेत 1970 च्या आसपास गर्भपात कायदेशीर झाला आणि गनोरिया (संबंधांतून पसरणारा गुप्तरोग) वाढला, असं दोघा अर्थतज्ज्ञांनी 2003 च्या पेपरात आकड्यांनिशी मांडलंय.

सिस्टर_माई: फुकट कुठलं हो दादा, कागदावर! केसपेपर काढा, सोनोग्राफीवाले उद्या येतील, मग नवऱ्याची सही आणा (सज्ञान बाईला कायद्याने लागतच नाही, तरी मागतात), वर कॉपर टी बसवणार असाल तरच करू म्हणायचं. एवढे हेलपाटे आहेत म्हणून रात्री कोण बिनधास्त होतंय? माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच जणी दोन पोरांच्या आया, नवरा निरोध वापरत नाही आणि सासू ऑपरेशन करू देत नाही.

उगाच_बोलतो: तो पेपर कायदेशीर करण्यावर आहे, फुकट देण्यावर नाही! आणि त्याच सुमारास तिकडे गर्भनिरोधक गोळी घरोघरी पोचली होती, गोळी घेणारी कंडोमसाठी हट्ट कशाला धरेल, मग गनोरिया नेमका कशाने वाढला ते कसं ठरवणार?

रोखठोक_नाशिककर: बरं, आपल्याकडचं बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, 2019-21: बायकांचं ऑपरेशन 37.9 टक्के, पुरुष नसबंदी 0.3, कंडोम 9.5. पुरुषाला कसलीच झळ नाही, हेच तर म्हणतोय मी.

उगाच_बोलतो: अहो त्याच पाहणीत 2015-16 ला कंडोम 5.6 होता! गर्भपाताचा कायदा 1971 चा, आणि कंडोम वाढलाय. शिवाय 2015 मध्ये देशात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गर्भपाताच्या गोळ्या घेऊन. म्हणजे लोक पदरचे पैसे घालून करतायत, तुमची फुकटची सोय राहिली बाजूलाच.

रोखठोक_नाशिककर: मग सोपं झालं की सवय लागते हे तरी मान्य करा, दुकानातून गोळी आणली की विषय संपला.

सिस्टर_माई: दुकानदार पुढच्या वेळी काय करायचं ते सांगत नाही ना. दवाखान्यात आली तर दिवस राहू नयेत म्हणून अंतराचं इंजेक्शन नाहीतर छाया गोळी देता येते, अंगावरून जात असेल तर तपासणी होते.

रोखठोक_नाशिककर: तिची होते हो. नवरा गेटबाहेर गाडीवर मोबाइल बघत बसलेला असतो, त्याला कोण तपासतं?

सिस्टर_माई: बोलवते की मी! अर्धे येतच नाहीत, उरलेले म्हणतात मला काही झालेलं नाही.