जुन्या एमएक्स-५ ला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवायचा आहे: वायरिंग, जागा आणि नियम

टेम्सकाठी:

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि माझ्याकडे १९९९ सालची, दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे उघडणाऱ्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार आहे. गाडीची उंची जेमतेम सव्वा मीटर असल्यामुळे एम-४ मोटरवेवर मोठ्या ट्रकच्या शेजारून जाताना आपण त्या चालकाला दिसत आहोत की नाही, याची कधीच खात्री वाटत नाही. युरोपातून आलेल्या ट्रकांचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि इथे ओलांडून पुढे जायचे ते त्यांच्या उजव्या अंगाने, म्हणजे चालकाला सर्वांत कमी दिसणाऱ्या बाजूने. अलीकडे अशाच एका ट्रकने माझ्या लेनमध्ये सरकायला सुरुवात केली, तेव्हा मी हॉर्न दाबला खरा, पण टप उघडा असूनही तो मलाच कसाबसा ऐकू आला.

बंपरच्या मागे एकच चकतीचा हॉर्न आहे आणि तो चांगलाच गंजलेला आहे. त्याच्या जागी दोन सुरांची जोडी बसवण्याचा विचार आहे, परंतु बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक संचाच्या सूचनापत्रात 'मुख्य वायर बॅटरीच्या धन टोकाला जोडावी' असे लिहिलेले असते आणि या गाडीची बॅटरी मागे डिकीत आहे. मग संपूर्ण गाडीतून पुढपर्यंत जाड वायर ओढावी लागेल का? पुण्याहून वडील सांगत आहेत की येताना रूट्स कंपनीच्या हॉर्नची जोडी घेऊन येतो, भारतातले हॉर्न अधिक दणदणीत असतात. त्यात कितपत तथ्य आहे, आणि असा बदल केल्यास वार्षिक एमओटी (वाहनयोग्यता) तपासणीत अडचण येते का, हेही कृपया सांगावे.

नाशिकचा वायरमन:

सर्वप्रथम एक विनंती: नवा हॉर्न मागवण्यापूर्वी जुन्या हॉर्नला पूर्ण व्होल्टेज मिळते आहे का, ते तपासा. इंजिन सुरू ठेवून एका माणसाला हॉर्न दाबायला सांगा आणि मल्टिमीटरने थेट हॉर्नच्या टोकाशी मोजणी करा. दुसरे टोक हॉर्नच्या धातूच्या अंगाला लावा, गाडीच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला नको. बॅटरीवर १४ व्होल्ट असताना इथे १२ च्या खाली आकडा दिसला, तर दोष हॉर्नच्या बाहेर, जोडणीत कुठेतरी आहे आणि तो तसाच ठेवून कितीही महागडा हॉर्न बसवला तरी तोही अर्ध्या आवाजातच वाजेल. एका वायरच्या हॉर्नची अर्थची जोडणी (अर्थिंग, म्हणजे प्रवाहाची परतीची वाट) त्याच्या पट्टीतून गाडीच्या सांगाड्याला मिळते आणि पंचवीस वर्षांच्या गाडीत त्या बोल्टखाली गंज व रंग यांचा थर बसलेला असतो. बोल्ट काढून, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. केवळ एवढ्यावर आवाजात लक्षणीय फरक पडल्याची उदाहरणे गॅरेजात नित्याची आहेत.

आता आपला मूळ प्रश्न. डिकीपासून वायर ओढण्याची काहीही गरज नाही. बॅटरी मागे असली तरी तिची जाड वायर गाडीखालून पुढे येऊन बोनेटखालच्या मुख्य फ्यूज बॉक्समध्ये पोहोचतेच. ती जिथे बोल्टने आवळलेली आहे, तिथून एक नवी फांदी काढावी आणि तिला शक्य तितक्या जवळ, म्हणजे वीतभर अंतराच्या आत, स्वतंत्र फ्यूज लावावा. फ्यूजचे काम हॉर्न वाचवण्याचे नसून वायर वाचवण्याचे आहे. फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कुठे घासून पत्र्याला टेकला, तर त्याला थांबवणारे काहीच नसते. काम सुरू करण्यापूर्वी डिकीतील बॅटरीचे ऋण टोक मात्र आठवणीने काढून ठेवा.

पुढे एक रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, लावावा. या फांदीची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणि ८७ पासून निघालेली वायर दोन्ही हॉर्नना द्यावी. जुन्या हॉर्नकडे येणारी वायर ८६ ला आणि ८५ सांगाड्याला जोडली, की स्टिअरिंगवरील बटण फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता, म्हणजे एक पंचमांश अँपियरच्या आसपासचा प्रवाह हाताळते. काही गाड्यांत बटण धन बाजूऐवजी अर्थची बाजू जोडते, म्हणून हॉर्न दाबल्यावर त्या वायरवर १२ व्होल्ट येतात की ते आधीपासूनच तिथे असतात, हे मीटरने पाहूनच जोडणी ठरवा. गाडीत मुळातच रिले असला तरी स्वतंत्र रिले लावणे योग्य, कारण त्याच्या पुढची कारखान्याची वायर एका लहान हॉर्नच्या हिशेबाने घातलेली असते. जोडीतील प्रत्येक हॉर्न साधारण साडेपाच अँपियर घेतो असे धरले, तर अकरा अँपियरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ किंवा २० अँपियरचा फ्यूज पुरतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. मूळ फ्यूज उडतो म्हणून त्याच जागी मोठा फ्यूज घालू नका. त्या काळच्या अनेक जपानी गाड्यांत ब्रेकचे दिवे आणि हॉर्न एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे हॉर्नच्या हव्यासापायी ब्रेकचे दिवे बंद पडल्याचे मागच्या गाडीलाच आधी कळेल. आणि स्टिअरिंग उघडू नका, त्यात एअरबॅग आहे. या कामासाठी तिथे हात लावण्याचे कारणच नाही.

हडसनपार:

न्यू जर्सीहून लिहितो आहे. इकडे याच गाडीला सर्वजण मियाटा म्हणतात. माझी पहिल्या पिढीची, उघडमिट करणाऱ्या दिव्यांची आहे आणि मी ती घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिला कॉम्प्रेसरसहित एकत्र असलेला छोटा एअर हॉर्न बसवलेला होता. तो मार्ग आपल्या मनात असेल तर त्याचा अनुभव सांगतो.

आवाज प्रचंड होता, यात वाद नाही. परंतु बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरला गती येईपर्यंत क्षणभर काहीच वाजत नसे आणि ट्रक अंगावर येत असताना तो क्षण फार मोठा वाटतो. शिवाय हलकी, मैत्रीपूर्ण टिचकी मारणे त्यावर शक्यच नव्हते. सिग्नल हिरवा झाल्याचे पुढच्याला सुचवायला गेलो, की तो भांडायला आल्यासारखा मागे वळून पाहायचा. प्रवाह जोडीच्या दीडपट ते दुप्पट, म्हणून २० अँपियरचा फ्यूज अगदी काठावर चालायचा. जागेचा प्रश्न तर सर्वांत बिकट. या गाडीच्या नाकातील तोंड हाच रेडिएटरचा वाऱ्याचा मार्ग आहे आणि एसीचा कंडेन्सर त्याच्या लगेच मागे आहे; एअर हॉर्नचा ठोकळा उभाच बसवावा लागत असल्यामुळे तो नेमका या वाटेत येत होता. पुढे त्याचा कॉम्प्रेसर पाण्याने अडकला, तेव्हा मी तो काढून साधी विजेवरची जोडी बसवली आणि ती नाकाच्या दोन कोपऱ्यांत, तोंडाच्या बाहेर, सांगाड्याच्या पोलादी पट्टीला लावली. बंपर प्लॅस्टिकचा आहे, त्याला काहीही टांगू नका.

इथला कायदा सोपा आहे: हॉर्न २०० फुटांवरून ऐकू आला पाहिजे, पण अवाजवी मोठा किंवा कर्कश नसावा. 'अवाजवी' म्हणजे किती, हे थांबवणाऱ्या पोलिसाच्या मनःस्थितीवर ठरत असावे.

ध्वनिरेखा:

वाहनांच्या आवाजाचे मापन हाच माझा व्यवसाय असल्याने डेसिबलच्या आकड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या बाजारात सर्वाधिक धूळफेक तिथेच होते.

हॉर्नच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १३९ डेसिबल असे छापलेले असते, परंतु तो आकडा किती अंतरावरून मोजला हे लिहिलेले नसेल तर त्याला काहीही अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे सहा डेसिबलने घसरते. हॉर्नच्या तोंडापासून दहा सेंटिमीटरवर १३९ मोजले असतील, तर याच हिशेबाने दोन मीटरवर ते ११३ च्या आसपास उरतात. याउलट, संयुक्त राष्ट्रांच्या २८ व्या नियमनानुसार मोटारींच्या हॉर्नचे मापन दोन मीटरवरूनच होते आणि तिथे किमान १०५ व कमाल ११८ डेसिबल अशी मर्यादा आहे. म्हणून '११८ डेसिबल, दोन मीटर' असे लिहिलेला शांत चेहऱ्याचा हॉर्न '१३९' वाल्याला सहज हरवू शकतो. हेला कंपनीची लाल जाळीची सुपरटोन जोडी याच ११८ च्या गटात मोडते आणि तिचे सूर ३०० व ५०० हर्ट्झचे आहेत.

सुरांचा मुद्दा आपल्या गरजेच्या दृष्टीने डेसिबलइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याला पादचाऱ्याला सावध करायचे नसून, काचा बंद करून बसलेल्या ट्रकचालकापर्यंत पोहोचायचे आहे. मोकळ्या हवेत माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि चकतीचे हॉर्न मुद्दाम तिथे जोर देतात. पण काच आणि पत्रा यांमधून आत शिरताना उंच सूर खालच्या सुरांपेक्षा कितीतरी अधिक दबतात. त्यामुळे केबिनमध्ये पोहोचतो तो मुख्यतः खालचा सूर आणि केवळ एक उंच सुराचा हॉर्न बदलून दुसरा तसाच लावला, तर आपल्याच कानाला त्रास वाढेल, तेही उघड्या गाडीत. जोडी घ्या आणि तिच्यातला खालचा सूर ४०० हर्ट्झ किंवा त्याहून कमी आहे ना, ते पाहा. शक्य असल्यास कर्ण्यासारखी गुंडाळलेली रचना निवडा. तिचा खालचा सूर अधिक भरीव असतो.

वडिलांच्या सूचनेबद्दल एवढेच म्हणेन की भारतातील हॉर्न कायद्याने अधिक मोठे नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम कर्कश आणि सूर बदलत वाजणाऱ्या हॉर्नना मनाई करतो, आणि वाहनावर बसवल्यानंतरची ९३ ते ११२ डेसिबल ही मर्यादा युरोपात दीर्घकाळ चालत आलेल्या मर्यादेसारखीच आहे. आपल्याकडे हॉर्न मोठा नसतो, तो फक्त सतत चालू असतो. कोईमतूरच्या रूट्सची जोडी दर्जाने उत्तमच आहे, पण इंग्लंडमध्ये लावायची असेल तर हॉर्नच्या अंगावर वर्तुळातील ई आणि देशाचा क्रमांक असा मंजुरीचा शिक्का आहे की नाही, ते वडिलांना दुकानातच पाहायला सांगा.

लेस्टरकर:

एमओटीबद्दल: तपासनीस हॉर्न वाजवून पाहतो, डेसिबल मोजत नाही. १ ऑगस्ट १९७३ नंतर प्रथम वापरात आलेल्या गाडीचा आवाज अखंड आणि एकसमान असावा, कर्कश नसावा, एवढी अट आहे. दोन सूर एकाच वेळी वाजत असतील तर चालते; एकापाठोपाठ एक वाजणारे, गाण्याचे किंवा सायरनसारखे हॉर्न नापास होतात. विमा कंपनीला हा बदल आधी कळवून ठेवा. बहुतेकदा हप्त्यात फरक पडत नाही, पण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी उकरून काढला जातो. रहदारीच्या संहितेनुसार गाडी थांबलेली असताना, तसेच वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत हॉर्न वाजवता येत नाही; दुसऱ्या वाहनापासून धोका असेल तर थांबलेल्या गाडीतूनही वाजवता येतो.

एक स्पष्ट मत, राग नसावा. ट्रकच्या उजव्या अंगाला रेंगाळणे हाच खरा धोका आहे. मागे राहून, समोरचा रस्ता मोकळा झाल्याची खात्री करून, मग एका दमात पुढे निघून जावे. सव्वा मीटर उंचीच्या गाडीला हॉर्नपेक्षा ही सवय अधिक उपयोगी पडते.

टेम्सकाठी:

सर्वांचे मनापासून आभार. लेस्टरकर, आपले म्हणणे मान्य आहे. पण वाहतूक तुंबली की रेंगाळणे आपल्या हातात राहत नाही.

वायरमनदादांच्या सांगण्यानुसार मोजणी केली. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि हॉर्नवर ११.४. पट्टीखालचा गंज घासल्यावर हॉर्नवर १२.६ झाले आणि आवाजही सुधारला, तरी तो एकसुरीच आहे. हॉर्न दाबल्यावर वायरवर १२ व्होल्ट येतात, एरवी शून्य. त्यामुळे रिले लावून, खालचा सूर ४०० हर्ट्झचा असलेली कर्ण्याची जोडी बसवायचे ठरवले आहे. जागा नाकाच्या दोन कोपऱ्यांत मिळते आहे, पण एका कोपऱ्यात हॉर्न आडवाच मावतो. चालेल का?

नाशिकचा वायरमन:

आडवा चालेल, पण कर्ण्याचे तोंड किंचित खाली झुकलेले आणि पुढच्या चाकाच्या उलट दिशेला असू द्या. वर तोंड करून लावला तर पहिल्याच पावसात आत पाणी साचून पडदा गंजतो. हॉर्नची स्वतःची पोलादी पट्टी काढून जाड, ताठ पट्टी लावण्याचा मोह टाळा. ती पातळ पट्टी हॉर्नला थोडे थरथरू देण्यासाठीच असते आणि ताठ आवळलेला हॉर्न घशात अडकल्यासारखा वाजतो. हॉर्नचे कवच आजूबाजूच्या कोणत्याही पत्र्याला टेकत नाही, हे बोटभर फट ठेवून पाहा.

उरलेल्या दीड व्होल्टचा बराचसा भाग रिलेमुळे भरून निघेल. दोन्ही हॉर्नना सांगाड्यावर विसंबून न राहता अर्थची वेगळी वायर द्या, दोन्ही वायरी एकाच स्वच्छ बोल्टवर आणा, आणि रिले बोनेटखाली उंचावर, वायरी खालच्या बाजूने निघतील अशा रीतीने लावा.