मदत हवी आहे : टीम डायरेक्टर शर्यत नेमकी किती चालवतो?

मंडळी, रोड सायकलिंग नेमाने बघणाऱ्यांनी जरा मदत करा.

2025 च्या जिरो दी इटालियाचा (इटलीतली तीन आठवड्यांची शर्यत) 20 वा टप्पा आठवा. वाउट व्हान आर्ट ब्रेकअवेमधून, म्हणजे मुख्य घोळक्यापासून सुटलेल्या गटातून, आधीच पुढे गेलेला. फिनेस्त्रेचा कच्चा घाट ओलांडून तो त्याच्याच टीममधल्या सायमन येट्ससाठी थांबला आणि खालच्या रस्त्यावर स्वतः पुढे राहून वारा अडवत त्याला जीव तोडून ओढून नेलं. मागे गुलाबी जर्सीतला, म्हणजे एकूण क्रमवारीत आघाडीवर असलेला, देल तोरो आणि त्याचा प्रतिस्पर्धी कारापाझ एकमेकांवर नजर ठेवत बसले आणि जिरो गेली येट्सकडे. काय सुंदर डाव होता!

पुढे माणूस पेरायचा हे सकाळी टीमच्या बसमध्ये ठरतं, एवढं समजतं. मला अडतंय ते पुढचं. अशा क्षणी टीमच्या गाडीतून डावपेच सांगणारा डायरेक्टर रेडिओवर ‘आता तूच ओढ’ असा थेट हुकूम देतो, की फक्त अंतर सांगून निर्णय रायडरवर सोडतो? गाडी मागे, समोरचं दिसत नाही, रेस रेडिओ (आयोजकांकडून सगळ्या गाड्यांना मिळणारी शर्यतीची माहिती) आणि टीव्हीवर सगळी भिस्त. त्यात रायडरना बाटल्या देणं, पंक्चर झालं की चाकं बदलणं हेही त्याच गाडीतून. ऑलिम्पिकमध्ये तर रायडरच्या कानात रेडिओही नसतो, मग तिथे डाव कोण बदलतं?

कोणी शर्यतीत उतरलं असेल किंवा टीमसोबत काम केलं असेल, तर सविस्तर लिहा.