मदत हवी आहे: मनालीत हंगामी काम करणाऱ्या मुलीसाठी बारा महिन्यांचं घर कसं मिळेल?

मुद्द्याचं आधी विचारते. महाराष्ट्रातल्या माणसाला मनालीच्या आसपास राहतं घर कायदेशीर मार्गाने घेता येतं का? आणि येत नसेल, तर एप्रिलमध्ये कोणी बाहेर काढणार नाही असं भाड्याचं घर तिथे कसं मिळवायचं? या वाटेने स्वतः गेलेल्या कोणी कृपया सविस्तर लिहावं. शोधून जे सापडतं ते बहुतेक दलालांनीच लिहिलेलं असतं.

आम्ही मुलुंडला राहतो, दोघंही निवृत्त. मुलगी मनालीत असते. तिथल्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत तिने स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केला, मग पुढचे केले, आणि आता जानेवारी ते मार्च ती सोलंगला शिकवते. बर्फ वितळला की हमटा खिंडीकडचे ट्रेक घेऊन जाते. पावसाळ्यात हातात काम कमी. १५ जुलै ते १५ सप्टेंबर कुल्लू जिल्ह्यात राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग सरकारी आदेशानेच बंद असतं, त्यामुळे तिचे निम्मे मित्र त्या दिवसांत रिकामे असतात किंवा सफरचंदाच्या बागांत तोडणीला जातात. हिशोब असा की चार महिने कमवायचं आणि ते बारा महिने पुरवायचं. ती ते नीट करते. आम्हाला तिच्या कामाची काळजी नाही, उलट अभिमान आहे.

काळजी घराची आहे. ऑक्टोबरमध्ये तिला जुन्या मनालीत किंवा वशिष्ठला बऱ्यापैकी भाड्यात खोली मिळते. एप्रिल आला की मालक सांगतो, सीझन येतोय, खोली रिकामी कर. मे-जूनमध्ये पर्यटक एका रात्रीचे जे देतात ते हिच्या महिन्याच्या भाड्याशी जुळवून बघितलं तर मालकाला दोष देता येत नाही. पण दर वर्षी स्की, बूट, गॅसची शेगडी, भांडी, पांघरुणं कोणाच्या तरी गोठ्याच्या माळ्यावर ठेवायची, दोन महिने मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपायचं आणि मग पुन्हा खोली शोधायची. तिच्यासोबत शिकवणाऱ्या बाहेरगावच्या सगळ्यांचीच ही गत आहे. ज्या मुलांच्या जिवावर सोलंगचे उतार चालतात, त्यांना त्याच गावात बारा महिने डोक्यावर छप्पर मिळत नाही, हे मला फार लागतं.

आमची डोंबिवलीला एक वन रूम किचन आहे, भाड्याने दिलेली. ती विकून तिच्यासाठी मनालीत काही करावं असं आम्ही ठरवत होतो. तेवढ्यात एका दलालाने जगतसुखच्या बाजूला एक छोटं घर दाखवलं. लाकूड-दगडाचं, समोर बाग, बघताक्षणी आवडलं. व्यवहार मात्र असा: कागदोपत्री घर स्थानिक माणसाच्या नावावर राहणार, पैसे आम्ही द्यायचे, आणि आमच्याकडे एक मुखत्यारपत्र आणि साध्या कागदावरचा करार. "सगळे असंच करतात, मॅडम." मी नाही म्हटलं.

कारण कलम ११८. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. १९७२ च्या हिमाचलच्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्यात हे कलम आहे. हिमाचलमध्ये जमीन असून ती स्वतः कसणाऱ्यालाच तो कायदा शेतकरी मानतो, आणि तसा नसलेल्या कोणालाही राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. आमच्या यांचं नाव नागावच्या सातबाऱ्यावर आहे, म्हणून दीर म्हणाले की आपण शेतकरीच, काय अडचण आहे? पण महाराष्ट्राचा सातबारा तिथे चालत नाही. इतकंच काय, पिढ्यान्‌पिढ्या शिमल्यात दुकान चालवणाऱ्या पण शेतजमीन नसलेल्या हिमाचली माणसालाही हीच परवानगी काढावी लागते.

आणि खरं सांगू का, मला हा कायदा पटतो. माझं माहेर अलिबागजवळचं. तिथे समुद्राकडच्या वाड्या एकेक करून मुंबईकरांच्या बंगल्यांत गेल्या. माझ्या चुलतभावाच्या मुलांना आज स्वतःच्या गावात दोन गुंठे घेणं परवडत नाही, आणि ते बंगले पावसाळाभर बंद असतात. हिमाचलला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला १९७१ मध्ये आणि पहिले मुख्यमंत्री परमार यांच्या सरकारने पुढच्याच वर्षी हा कायदा केला, म्हणून मनालीच्या वरच्या गावांतल्या बागा अजून त्या गावांच्या आहेत. बुरुआसारख्या गावातून आंचल ठाकूर स्कीइंग करत पुढे आली आणि २०१८ मध्ये भारताला या खेळातलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळालं. गाव गावकऱ्यांच्या हातात राहिलं म्हणून घराबाहेरचा उतारही त्यांच्या पोरांचा राहिला, असं मला वाटतं. तो कायदा वाकवून मला तिथे शिरायचं नाही.

औली आणि गुलमर्गही सुचवून झालं आहे. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठात जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेले ते सगळ्यांनी पाहिलं, आणि आता उत्तराखंडनेही बाहेरच्यांच्या जमीन खरेदीवर कडक बंधनं आणली आहेत. गुलमर्गला गोंडोला (रोपवे) आहे, बर्फ देशात सर्वात चांगला आहे, पण तिथली हॉटेलंसुद्धा सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. आणि मुलीचं काम, ओळखी, सगळं मनालीत आहे. तेव्हा कृपया "दुसरीकडे बघा" हा सल्ला नको. "तिकडचाच मुलगा बघा म्हणजे प्रश्न मिटेल" हाही नको, तो नातेवाईकांनी देऊन झाला आहे.

मला हवं आहे ते असं: परवानगीच्या वाटेने कोणी गेलंय का आणि किती वेळ लागतो? वर्षभराचा भाडेकरार करायला मालक कशाने तयार होतात? आणि हिवाळ्यात स्वतः घर सांभाळलेल्यांनी सांगावं की घर बघताना काय तपासायचं, कारण मुंबईच्या माणसाला ओल कळते, गोठणं कळत नाही.

---

देवदारछाया:

ताई, तुम्ही त्या दलालाला नाही म्हणालात ते फार बरं झालं. ११८ मोडून झालेला व्यवहार उघड झाला तर जमीन थेट राज्य सरकारच्या मालकीची होते. पैसे देणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. वर बेनामी व्यवहारांचा कायदा आहेच. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, आणि देणाऱ्याने ते रद्द केलं तर तुम्ही कोर्टात काय सांगणार?

परवानगीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे तिकडच्या भाषेत डीसी कुल्लू यांच्याकडून, राज्य सरकारकडे जातो. कारण पटलं तर मिळते, नाही तर नाही, आणि मिळाली तरी ज्या कामासाठी मागितली त्याच कामासाठी ठरलेल्या मुदतीत जमीन वापरावी लागते. "गुंतवणूक" म्हणून अर्ज करू नका, तसा तुमचा हेतूही दिसत नाही. एक सरळ अपवाद म्हणजे हिमुडा, तिथलं गृहनिर्माण प्राधिकरण. आपल्या म्हाडासारखं समजा. त्यांच्याकडून घेतलेल्या घराला हे बंधन लागत नाही. मनालीत त्यांचं काही कधी निघेल याचा भरवसा नाही, पण जाहिरातींवर लक्ष ठेवा.

अजून एक. कोणी "नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा करू" म्हणालं तर थांबा. नगरपालिकेच्या हद्दीबाहेरचा भाडेपट्टाही याच कलमात धरलेला आहे. कुल्लूच्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि तो वकील दलालाने सुचवलेला नसावा.

---

उंचसखल:

मी वशिष्ठला हिवाळे काढले आहेत, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सगळ्यात आधी पाणी. मनाली साधारण २००० मीटरवर आहे, जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गोठताना फुगतं आणि पाइप फोडतं. फुटलेलं कळतं मात्र नंतर, बर्फ वितळून पाणी वाहायला लागल्यावर. घर बघायला जाल तेव्हा पाइप कुठून आणलेत ते बघा. उत्तरेच्या भिंतीवरून उघडे आणले असतील तर दर वर्षीचा त्रास ठरलेला. मुख्य कॉक कुठे आहे आणि सगळ्यात खालचा नळ कोणता, हे मुलीला पहिल्याच दिवशी माहीत हवं. चार दिवस बाहेर जायचं असेल तर कॉक बंद करून खालचा नळ उघडायचा, गिझरही रिकामा करायचा. घरात असताना रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायचा.

दुसरं ऊन. बियासच्या डाव्या तीरावरची घरं, म्हणजे वशिष्ठ, प्रीणी, जगतसुख, पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यांना दुपारचं ऊन मिळतं. हिवाळ्यात ते दोन तास ऊन म्हणजे निम्मं सरपण वाचतं. समोर उंच देवदार किंवा चार मजली हॉटेल असेल तर मात्र काही उपयोग नाही. घर डिसेंबरात बघा. जूनमध्ये तिथलं कुठलंही घर छानच वाटतं.

तंदूर, म्हणजे खोलीत मधोमध असते ती पत्र्याची शेगडी, तिची चिमणी छपराबाहेर नीट गेलेली हवी. आणि ताई, मुलीला हे माहीत असेलच तरी सांगा: कोळशाची अंगीठी पेटती ठेवून बंद खोलीत कधीही झोपायचं नाही. दर हिवाळ्यात पहाडात त्याने माणसं जातात. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही.

नदी आणि नाल्यापासून लांब. जुलै २०२३ मध्ये बियासने कुल्लू-मनाली रस्ता जागोजागी खाल्ला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बाहंगला नदीकाठची दुकानं पुन्हा वाहून गेली. "नदीकिनारी कॉटेज" असं लिहिलेलं असेल तर पुढे वाचूच नका.

गावात राहायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मनालीच्या वरच्या अंगाला गोशाल वगैरे नऊ गावांत मकर संक्रांतीपासून ४२ दिवस मोठा आवाज करत नाहीत. देव स्वर्गात गेले आहेत, त्यांच्या शांततेचा भंग नको, म्हणून देऊळ बंद, शेतीची कामं बंद, घरातला टीव्हीसुद्धा बंद. नेमका हाच स्कीइंगचा भर हंगाम. तिथे खोली घेतली तर मित्रांना बोलावून गाणी लावता येणार नाहीत. जो भाडेकरू हे मनापासून पाळतो त्याला एप्रिलमध्ये सहसा कोणी हाकलत नाही. मला माझी खोली अशीच टिकवता आली.

---

पूर्वद्रुतगती:

काकू, माझी बहीण तिथे कॅफेत काम करते, तिने केलेली व्यवस्था सांगते. चौघींनी मिळून एका मालकाकडून अख्खा वरचा मजला बारा महिन्यांसाठी घेतला. मे-जूनमध्ये त्याला पर्यटकांकडून साधारण जे मिळतं ते त्यालाच विचारलं, साफसफाई, चादरी, बुकिंगचं कमिशन आणि रिकाम्या जाणाऱ्या रात्री वजा केल्या, आणि उरलेली रक्कम बारा महिन्यांत वाटून भाड्यात घातली. दर महिन्याचं भाडं वाढलं, पण पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या खोलीचेही पैसे येतात म्हटल्यावर मालक तयार झाला. चौघींची पोलीस पडताळणी आधीच करून घेतली. सामान हलवायचं नाही, हे त्यांना सगळ्यात मोलाचं वाटतं.

डोंबिवलीची खोली विकू नका असं मला वाटतं. तिचं भाडं तिकडच्या वाढीव भाड्याला लावा. तुमच्या मुलीला आत्ता मालकीपेक्षा मुक्कामाची हमी हवी आहे.

---

धागालेखिका:

तिघांचेही मनापासून आभार. रात्री मुलीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. चौघींच्या मजल्याचं ऐकून ती लगेच म्हणाली की तिच्या दोन सहकारी आणि एक ट्रेक लीडर उद्याच तयार होतील. प्रीणीत एक मावशी आहेत, त्यांच्याकडे तिने मागचा हिवाळा काढला. त्यांचा वरचा मजला पश्चिमेकडे उघडतो आणि पाइप आतून आहेत. शिवाय संक्रांतीनंतर ती वरच्या गावांत गेली की चढावर मोबाइलसुद्धा बंद ठेवते, हे मला आजच कळलं.

हे म्हणाले, डोंबिवलीचं भाडं तिच्या खात्यावर वळवू, विकायचं नंतर बघू. हिमुडाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणं मी माझ्याकडे घेतलं आहे. डीसी कुल्लूकडे अर्ज करायचा का, हे वकिलाशी बोलून ठरवू, घाई नाही.

पूर्वद्रुतगती, तुमच्या बहिणीच्या कराराचा मसुदा, नावं आणि रक्कम झाकून, मिळू शकेल का? हिंदीत असला तरी चालेल. विशेष करून दोन गोष्टी बघायच्या आहेत: एकीने मध्येच काम सोडून घरी परत जायचं ठरवलं तर तिच्या वाट्याचं काय, आणि छपरावरचा बर्फ काढायची जबाबदारी कोणावर लिहिली आहे. ऑक्टोबरच्या आत मावशींसमोर कागद ठेवायचा आहे.