मदत हवी आहे: समीकरणाचं उत्तर १७ येतंय, पुस्तकात १३ दिलंय

उंबरठा: लेकीचा गृहपाठ उद्या द्यायचाय. क्ष + ३/२ − क्ष − १/३ = ४. तिने सोडवलं, मीही सोडवलं, दोघींचं १७च आलं. पुस्तकात मागे १३ आहे. छपाईची चूक असेल का? जरा लवकर सांगा, ती पेंगायला लागलीये.

त्रिज्या: तुम्ही लिहिलंय तसंच धरलं तर क्ष आणि −क्ष उडतात आणि ७/६ = ४ उरतं. म्हणजे उत्तरच निघत नाही. कंस कुठे आहेत? आणि पायऱ्या टाका, नुसत्या १७ वरून काय कळणार?

सरळरेषा: पाढे कितीपर्यंत पाठ आहेत तिचे? हल्ली पाढे घोकून घेत नाहीत आणि पुढे बीजगणितात मुलं अडतात. निमकी, पावकीसुद्धा म्हणून घ्या रोज.

उंबरठा: पाढे येतात हो तिला! गणित असं आहे: (क्ष + ३)/२ − (क्ष − १)/३ = ४.
लसावि ६, म्हणून ६ ने गुणलं.
३क्ष + ९ − २क्ष − २ = २४
क्ष + ७ = २४
क्ष = १७
यात चुकलं कुठे?

त्रिज्या: पहिल्याच ओळीत. −२(क्ष − १) म्हणजे −२क्ष + २. तुम्ही −२ लिहिलंत. अपूर्णांकाची आडवी रेघ वरच्या अख्ख्या अंशाला कंसासारखी बांधून ठेवते. छेद गेला की रेघही जाते, म्हणून त्याच वेळी कंस घालायचा: ३(क्ष + ३) − २(क्ष − १) = २४. ही ओळ गाळून थेट पुढे गेलं की उणे चिन्ह क्षपाशीच थांबतं. आता क्ष + ११ = २४, क्ष = १३. ताळा: १६/२ − १२/३ = ८ − ४ = ४. पुस्तक बरोबर आहे.

अदमास: एवढा खटाटोप कशाला? किंमती ठेवून बघा. क्ष = १ ला २ येतात, ७ ला ३ येतात. सहाने वाढवलं की एकाने वाढतंय, म्हणजे १३ ला ४. झालं.

त्रिज्या: सुरेख आहे, पण पेपरात पायऱ्यांना गुण असतात. आणि उत्तर अपूर्णांकात असेल तर चाचपडत बसाल.

अदमास: क्ष कसा वाढतो हे तरी कळतं ना त्यातून! पायऱ्या मुलं न समजताही उतरवतात.

सरळरेषा: कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ असेल तर हे काही होत नाही.

त्रिज्या: त्याचा इथे संबंध नाही. उलट ते शब्दशः धरून मुलं ८ − ३ + २ मध्ये आधी बेरीज करतात आणि उत्तर ३ काढतात. बेरीज-वजाबाकी डावीकडून क्रमाने करायची, ७ येतात.

उंबरठा: कंसाची ओळ लिहायला लावली, १३ आलं. लगेच पुढचंही तिने एकटीने केलं: ५ − (क्ष − ३)/२ = १. १० − (क्ष − ३) = २, क्ष = ११. ताळाही तिनेच केला, ५ − ४ = १. मनापासून आभार, त्रिज्या.

सरळरेषा: आमच्या वेळी कंचेभागुबेवच शिकवायचे आणि कुणाचं काही अडलं नाही.