तरंगत्या वॉटरपार्कसाठी पर्यावरण परवानगी: अर्जात नेमकं काय दाखवायचं?

लाटांकुर (धागाकर्ता)

फुगवता येणाऱ्या मॉड्यूलचा वॉटरपार्क किनाऱ्यालगतच्या समुद्रात लावायचा प्रस्ताव आहे. बाहेरची चौकट ४० × २५ मीटर. ओहोटीला खोली ४ मीटर, भरतीला ७. तळ बहुतेक वाळूचा, पण एका कडेला समुद्रगवताचे पट्टे आहेत. हंगाम पाच महिन्यांचा, मग सगळं उचलून गोदामात. नांगर २४, उत्पादकाच्या आराखड्यात त्यासाठी प्रत्येकी १ टनाचे काँक्रीटचे ठोकळे दाखवले आहेत. पाण्यावर शौचालय नाही, जनरेटर नाही, हवा किनाऱ्यावरच भरायची.

अर्जाआधीच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी दोनच गोष्टी लावून धरल्या: सावली आणि नांगर. उत्पादकाचं माहितीपत्रक म्हणतं की परिणाम शून्य. माझे प्रश्न:

१. बांधकाम तात्पुरतं आहे, तर पूर्ण पर्यावरण अभ्यास टळतो का?
२. सावलीचा परिणाम आकड्यांत कसा मांडायचा?
३. ठोकळे चालतील की दुसरं काही बघावं?

---

किनारपट्टी

पहिल्याचं उत्तर थोडक्यात: नाही टळत. ‘तात्पुरतं’ या शब्दाला बहुतेक कायद्यांत फारसं वजन नाही. वस्तू किती दिवस राहणार यापेक्षा ती कुठे बसणार आणि तळाला काय करणार, हे बघितलं जातं.

अमेरिकेत नौकानयनाच्या पाण्यात काहीही बांधायचं तर १८९९ च्या रिव्हर्स अँड हार्बर्स कायद्याच्या कलम १० खाली आर्मी कोअरची (लष्कराच्या अभियंता विभागाची) परवानगी लागते, आणि त्या व्याख्येत नांगरलेल्या रचनाही येतात. युरोपीय संघात जागा नॅचुरा २००० (संघाचं संरक्षित जागांचं जाळं) क्षेत्रात किंवा त्याला झळ पोचेल इतकी जवळ असेल, तर १९९२ च्या अधिवास निर्देशाचं कलम ६(३) लागतं, आणि भूमध्य समुद्रातली पोसिडोनिया गवताची कुरणं तिथे प्राधान्याचा अधिवास म्हणून नोंदलेली आहेत. भारतात २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ओहोटी रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी सीआरझेड-४अ मध्ये मोडतं, आणि समुद्रगवत, प्रवाळ, कांदळवन असेल ती जागा सीआरझेड-१अ, म्हणजे सर्वात कडक वर्ग. कायदे वेगळे, पण तिन्हीकडे प्रश्न तोच: जागा बदलून हा परिणाम टाळता आला नसता का?

म्हणून अर्जात पर्यायी जागांचं प्रकरण मनापासून लिहा. निदान तीन जागा, प्रत्येकीची खोली, तळ, गवतापासूनचं अंतर, लाटा, आणि ती का सोडली किंवा का घेतली. ‘दुसरी जागा उपलब्ध नाही’ असं एका ओळीत उरकलेलं प्रकरण पहिल्याच छाननीत परत येतं.

---

सेकीतबकडी

सावलीचं मी सांगतो, पण त्याआधी तुमची खोली कोणत्या संदर्भपातळीवरून मोजली आहे ते तपासा. जमिनीवरचे सर्व्हेअर सरासरी समुद्रपातळी धरतात, सागरी नकाशे सर्वात खालच्या ओहोटीच्या आसपासची पातळी धरतात. दोन्ही एकाच नकाशावर मिसळले की कागदावरचे ४ मीटर प्रत्यक्षात अडीच निघू शकतात. मग उडी मारायची सुरक्षित खोलीही गेली आणि प्रकाशाचं गणितही. नकाशाच्या कोपऱ्यात संदर्भपातळी ठळक लिहा आणि छेद दोन द्या: उधाणाच्या भरतीचा आणि उधाणाच्या ओहोटीचा.

आता प्रकाश. समुद्रगवताला जगायला पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाच्या ढोबळमानाने १० ते २५ टक्के लागतो, जातीनुसार कमीजास्त. तुमच्याकडे किती पोचतो ते सेकी तबकडीने, म्हणजे दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात सोडायच्या तबकडीने, काढता येतं. तबकडी ५ मीटरवर दिसेनाशी झाली तर क्षय गुणांक (खोलीबरोबर प्रकाश किती वेगाने घटतो तो आकडा) साधारण १.७ भागिले ५, म्हणजे मीटरला ०.३४. भरती-ओहोटीची सरासरी खोली ५.५ मीटर धरली तर घातांक ०.३४ × ५.५ = १.८७, आणि तळाशी पोचणारा प्रकाश e चा उणे १.८७ वा घात, म्हणजे सुमारे १५ टक्के. म्हणजे वॉटरपार्क यायच्या आधीच ते गवत काठावर जगतंय. वर अपारदर्शक पीव्हीसी आलं की संपलं. अर्जाला मात्र एका दिवसाची तबकडी पुरत नाही. पावसाळी गढूळपणा आणि उधाण धरून वेगवेगळ्या दिवशी मोजा, आणि शक्य असेल तर तळाशी प्रकाशमापक महिनाभर ठेवा.

सावली थेट खालीच पडते, हा नेहमीचा घोळ. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना किरण पाण्यात वाकून उभ्या रेषेशी ३२ अंशांचा कोन करतात, ५.५ मीटर खोलीवर सावली जवळजवळ साडेतीन मीटर बाजूला सरकते. सूर्य आणखी खाली गेला तरी ती खोलीच्या फारतर सुमारे १.१ पट सरकणार. तेव्हा गवताच्या कडेपासूनचं अंतर निदान भरतीच्या खोलीपेक्षा जास्त ठेवा, आणि नांगरांच्या ढिलाईमुळे पार्क जितका हलतो ते त्यात वेगळं मिळवा.

१,००० चौरस मीटर हा आकडा जसाच्या तसा लिहू नका. ती चौकट झाली. प्रत्यक्ष झाकलेलं क्षेत्र आणि मधल्या मोकळ्या फटी असे दोन आकडे वेगळे द्या. लांब अरुंद मॉड्यूल उत्तर-दक्षिण लावली तर सावली दिवसभर सरकत राहते, एकाच पट्ट्यावर बसून राहत नाही. जेटीला चालणारे उपाय, म्हणजे जाळीची फळी किंवा उंच खांब, इथे लागू होत नाहीत. सल्लागार ते जुन्या अहवालांतून सर्रास उचलून टाकतात, ते खोडून टाका.

आणि ‘फक्त पाच महिने’ हा युक्तिवाद उलटतो. पर्यटनाचा हंगाम आणि गवताच्या वाढीचा हंगाम बहुधा एकच. याच महिन्यांत ते मुळखोडांत साठा करून ठेवतं. पोसिडोनियाचं आडवं खोड वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं. तिथे एका हंगामात पडलेलं टक्कल भरायला दशकं लागतात.

गवताचं सर्वेक्षणही वाढीच्याच हंगामात करा. कॅलिफोर्नियाच्या ईलग्रास (समुद्रगवताचाच एक प्रकार) धोरणात कामाआधीचं सर्वेक्षण ६० दिवसच ग्राह्य धरतात. दोन वर्षांपूर्वीचा नकाशा जोडलात तर कुठेही प्रश्न येणारच.

---

नांगरदोर

ठोकळ्यांचा हिशेब करून बघू, कारण उत्पादकाचा आराखडा बहुधा तळ्यासाठी काढलेला दिसतोय.

१ टन काँक्रीट समुद्राच्या पाण्यात १ टन राहत नाही. घनता २,४०० आणि पाण्याची १,०२५ धरली तर उरतं सुमारे ५७३ किलो. वाळूवर घर्षण निम्मं धरा: आडवी पकड २८७ किलो. पण दोर आडवा ओढत नाही. ७ मीटर खोलीला १० मीटर आडव्या अंतरावर ठोकळा असेल तर दोर ३५ अंशांवर येतो आणि ठोकळा वर उचलायला लागतो. तो भाग वजा केला की पकड २१२ किलोच्या आसपास. वारा एका बाजूने आला की २४ पैकी आठेक नांगरच खरं काम करतात: सगळे मिळून १.७ टन.

आता भार. ४० मीटर लांबी, सरासरी दीड मीटर उंची, म्हणजे ६० चौरस मीटर. सेकंदाला २० मीटर वाऱ्याला, आकाराचा गुणांक १.२ धरून, १.८ टन होतात. यात लाट नाही, प्रवाह नाही, सुरक्षा गुणांक नाही. म्हणजे ठोकळे सरकणार. सरकलेला ठोकळा गवतात नांगरट करत जातो, आणि छाननी करणारा नेमकं तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून बसलेला असतो.

दुसरी अडचण साखळीची. दोर भरतीला ताठ राहील असा कापला (इथे १२.२ मीटर), तर ओहोटीला तो जवळजवळ दीड मीटर ढिला पडतो आणि पार्क तितकाच इकडेतिकडे फिरतो. खालचा भाग साखळीचा असेल तर ती ढील तळावर घासून गोल टक्कल पाडते. यावर उपाय ठरलेले आहेत:

स्क्रू नांगर. पाणबुड्या हायड्रॉलिक यंत्राने पिळतो. तळावर फक्त दांड्याची जाडी दिसते. पिळताना लागलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) नोंदवून घ्या, त्यावरून पकडीचा अंदाज येतो, आणि निवडक नांगरांवर ओढ-चाचणी करून तिचे आकडे अर्जाच्या परिशिष्टात लावा. अट एकच: खाली पुरेसा गाळ किंवा वाळू हवी. वरवर वाळू आणि हातभर खाली खडक असेल तर स्क्रू अर्ध्यात अडकतो. म्हणून आराखड्याआधी प्रत्येक बिंदूवर सळई खुपसून थराची जाडी मोजा.

लवचिक दोर. भरती-ओहोटीचा फरक स्वतः ताणून घेतो, ढील राहत नाही. साखळी ठेवायचीच असेल तर मधल्या अंतरावर बुडता बोया बांधून ती तळावरून उचललेली ठेवा.

ताठ, जाड दोरांचा आणखी एक फायदा अर्जात नक्की लिहा: कासवं आणि डॉल्फिन अडकतात ते ढिल्या, बारीक दोरांच्या वेटोळ्यांत. पोहण्याची हद्द दाखवायला बारीक दोरी सोडली असेल तर ती आधी काढा.

---

लाटांकुर

हिशेब बघून ठोकळे बाद. पण मग हंगाम संपल्यावर स्क्रू नांगर काढायचे की ठेवायचे? आणि मॉड्यूलच्या तळाला शिंपले-शेवाळ चढतं, ते पाण्यातच खरवडलं तर हरकत असते का?

---

किनारपट्टी

नांगर ठेवा. दरवर्षी काढणं-लावणं म्हणजे दरवर्षी तळ उकरणं. फक्त मग अर्जात ‘सगळं काढून नेणार’ असं लिहू नका. वरची रचना हंगामी, नांगर कायमस्वरूपी, असं स्वच्छ लिहा. दांड्याचं वरचं कडं जाळ्यांना अडकणार नाही इतकं खाली, त्याचे अक्षांश-रेखांश तक्त्यात, आणि प्रकल्प बंद पडला तर ते काढायचा खर्च कोण करणार याची हमी. हमीचं कलम नसेल तर ते मागून घालायला लावतात आणि तितका उशीर होतो.

खरवडण्याला हरकत असते, आणि बरोबर आहे. खालच्या वाळूत शिंपल्यांचा आणि कुजक्या मालाचा ढीग जमतो, तळाचा प्राणवायू खातो. मॉड्यूल किनाऱ्यावर ओढून, धुतलेलं पाणी गाळून, कचरा उचलून न्या. तांब्याचा किंवा कुठलाही विषारी रंग लावू नका. माणसं त्यावर लोळणार आहेत. दुसऱ्या समुद्रात वापरलेली मॉड्यूल भाड्याने घेणार असाल तर ती पूर्ण वाळवून, शिवणी आणि झडपांच्या खोबणी तपासून आणल्याची नोंद ठेवा, परकी जात आली तर ती याच वाटेने येते.

---

सेकीतबकडी

देखरेखीची योजना स्वतःच द्या, नाहीतर ती तुमच्यावर लादली जाईल आणि महाग पडेल. ५० × ५० सेंटिमीटरच्या चौकटी, कायम खुणावलेल्या रेषांवर, पार्कच्या बाजूला आणि तितक्याच खोलीच्या दूरच्या नियंत्रण जागेवर. नियंत्रण जागा नसेल तर गवत पार्कमुळे कमी झालं की त्या वर्षी सगळीकडेच कमी होतं, हे सिद्ध करता येत नाही, आणि संशयाचा फायदा अर्जदाराला मिळत नसतो. मोजणी हंगामाआधी, मध्यावर, शेवटी, आणि पुढच्या वाढीच्या सुरुवातीला. घट किती झाली की पार्क हलवायचा, तो आकडा आधीच लिहून ठेवा.

पाण्याची तपासणी एन्टेरोकोकायची, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या आतड्यातल्या जीवाणूंची, हवी. खाऱ्या पाण्यात ई. कोलायपेक्षा ते जास्त टिकतात. युरोपच्या २००६ च्या निर्देशात किनारी पाण्यासाठी ‘उत्तम’ची मर्यादा १०० मिलिलिटरला १०० आहे. तुमच्या पार्कमुळे आकडा वाढेल असं नाही, पण आधीचे आकडे हाताशी नसले तर जवळच्या नाल्याचं पापही तुमच्याच खात्यावर जमा होतं.

---

नांगरदोर

वादळाची योजना राहिली, आणि ती ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ अशी लिहू नका. किती वाऱ्याच्या अंदाजाला लोक बाहेर, किती वाऱ्याच्या अंदाजाला मॉड्यूल सोडून ओढून न्यायचे, किती माणसं, किती तास, कुठल्या किनाऱ्यावर. जागच्या जागी हवा सोडणं हा उपाय नव्हे: अर्धवट रिकामं मॉड्यूल पाण्याने भरतं, नांगरांवरचा भार वाढतो आणि फाटून तुकडे वाहत जातात.

बचाव बोटीचा मार्गही नकाशावर काढा. ओहोटीला पंखा गवतावरून गेला तर त्याचे चर वर्षानुवर्षं दिसतात, त्यामुळे मार्ग खोल बाजूने, पिवळ्या बोयांनी दाखवलेला. पार्कची हद्दही पिवळ्या विशेष खुणांनी, वर पिवळाच फुलीचा आकार, रात्री पिवळा दिवा. कासवं अंडी घालायला येत असतील तर पार्कवर दुसरा कुठलाही दिवा नको, आणि किनाऱ्यावरचे दिवे अंबर रंगाचे, झाकलेले, खाली वळवलेले. बोयांची परवानगी बहुतेक ठिकाणी वेगळ्या खात्याकडून येते आणि तिला वेगळा वेळ लागतो. पर्यावरणाच्या अर्जाबरोबरच तीही फाइल टाका.