‘समांतर’ म्हणजे एकाच दिशेला जाणाऱ्या रेषा का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शिकवणीत तिला सांगितलं, “समांतर म्हणजे एकाच दिशेला जाणाऱ्या रेषा.” पुस्तकातल्या व्याख्येत दिशा हा शब्दच नाही, एकाच प्रतलात, म्हणजे एकाच सपाट पृष्ठभागावर, असून एकमेकींना छेदत नाहीत, एवढंच. शब्द फोडला तर सम आणि अंतर. यातलं धरायचं काय?

उत्तर : व्याख्या पुस्तकातलीच धरा, आणि ‘एकाच प्रतलात’ हे शब्द गाळू देऊ नका. छताची पूर्व-पश्चिम कड आणि जमिनीची दक्षिणोत्तर कड कितीही वाढवल्या तरी भेटत नाहीत. म्हणून काही त्या समांतर होत नाहीत.

सम अंतर हा अशा रेषांचा गुणधर्म. बोलताना मात्र आपण शब्द अंतरावरच वापरतो. ‘रस्ता नदीला समांतर जातो’ म्हटलं की नदी वळेल तिथे रस्ताही वळतो, हे गृहीतच असतं. मिरजेहून कोल्हापूरला येणारे ब्रॉडगेजचे रूळ आपसात १६७६ मिलिमीटरचं अंतर राखतात. पण वळणावरचा रूळ ही सरळ रेषाच नव्हे. तिथे छेदिका, म्हणजे दोन्हींना छेदणारी रेषा, टाकून संगत कोन (दोन्ही छेदांवरचे सारख्या जागचे कोन) सारखे भरतील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

शंका : अंतराचं पटलं. पण दिशा चूक कशी? सरळ रूळ एकाच दिशेला जातात की!

उत्तर : कुठल्या, मिरजेच्या की कोल्हापूरच्या? रेषेच्या दोन्ही टोकांना बाण काढतात ते याचसाठी. रेषेला एकच अशी दिशा नसते. ती एका बिंदूपासून एकीकडेच जाणाऱ्या किरणाला असते, सदिशाला (परिमाणासोबत दिशाही असणाऱ्या राशीला) असते. समांतर रेषांचा कल सारखा, असं म्हणावं. दहावीत तेच ‘चढ समान’ म्हणून येतं.

दिशा म्हणजे काय हे कोल्हापूरच्या मुलांना अंबाबाईच्या किरणोत्सवावरून, म्हणजे मावळतीचे किरण मूर्तीवर पडतात त्या सोहळ्यावरून, फार छान सांगता येतं. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर, त्यामुळे देवळावर पडणारे त्याचे किरण रोजच जवळपास समांतर असतात. अंबाबाईचं मंदिर पश्चिमाभिमुख. तरी मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोचतं ते नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. सूर्य दक्षिणेकडे सरकताना एकदा आणि परतताना एकदा मावळतीची तीच दिशा येते. सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो त्या २२ डिसेंबरपासून हे दोन्ही काळ साधारण सहा-सहा आठवड्यांवर आहेत. एरवी किरण आपसात समांतर असूनही गाभाऱ्याच्या दिशेशी जुळत नाहीत.

शंका : मग परीक्षेच्या गणितात दिशा कधी बघायची?

उत्तर : दोन कोनांच्या भुजा समांतर दिल्या असतील तेव्हा. इथे हुशार मुलंही ‘समांतर’ वाचून लगेच ‘कोन समान’ लिहून मोकळी होतात. भुजांच्या दोन्ही जोड्या समदिश असतील तर कोन समान. दोन्ही जोड्या विरुद्ध दिशांच्या असल्या तरी समानच. एक जोडी समदिश आणि दुसरी विरुद्ध असेल, तर मात्र कोन पूरक, बेरीज १८०°. मुलीला ६०° चा कोन काढायला सांगा, शेजारी नवा शिरोबिंदू घेऊन एक भुजा त्याच दिशेला आणि दुसरी उलट दिशेला समांतर काढू द्या, आणि कोनमापक तिच्याच हातात द्या. १२०° येतील.